सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्यात ७३: पावसाचे ढग एकाच जागी गर्दी का करतात?

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. विहार तलावाजवळ तर आकडा हजाराच्या पुढे गेला. लोकल बंद पडल्या, लोक रात्रभर ऑफिसात आणि बसमध्ये अडकून राहिले, मिठी नदीचं पाणी घराघरांत शिरलं. त्या दोन-तीन दिवसांतला पाऊस, पूर आणि दरडी यांत महाराष्ट्रात हजारावर माणसं दगावली.

आता त्याच २४ तासांतला दुसरा आकडा बघा. कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊस पडला सुमारे ७३ मिलिमीटर. जुलै महिन्यात एवढा पाऊस मुंबईला नवीन नाही. आणि या दोन वेधशाळांमधलं अंतर आहे जेमतेम २५ किलोमीटर.

शहर एक, समुद्र एक, मान्सून एक. मग एवढा फरक पडतो कसा?

असा प्रश्न तुम्हालाही दर पावसाळ्यात पडत असेल. ठाण्यात राहणारा मित्र गुडघाभर पाण्याचे फोटो टाकतो आणि तुमच्या खिडकीबाहेर ऊन पडलेलं असतं. पुण्यात सिंहगड रोडला धो धो आणि विमाननगरला रस्ता कोरडा. गावाकडे तर शेताच्या एका बांधापर्यंत पाऊस येतो आणि पलीकडे थेंबही नाही.

याचं उत्तर ढगांच्या एका सवयीत आहे. पावसाचे मोठे ढग आकाशात सारखे विखुरलेले राहत नाहीत. ते समूह करतात. हा समूह कसा बनतो हे कळलं की अतिवृष्टी, 'ढगफुटी' आणि हवामान खात्याचा अंदाज या तिन्ही गोष्टी वेगळ्या नजरेने दिसायला लागतात.

एका ढगाचं आयुष्य असतं तरी किती?

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत 'थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट' नावाची मोठी मोहीम झाली. १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत विमानं थेट गडगडाटी ढगांत घुसवून मोजमाप घेतलं गेलं. होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम या शास्त्रज्ञांनी १९४९ साली त्याचा अहवाल मांडला. त्यात त्यांनी एका गडगडाटी ढगाच्या तीन अवस्था सांगितल्या. आजही हवामानशास्त्राचा विद्यार्थी पहिल्यांदा हेच शिकतो.

पहिली अवस्था वाढीची. जमिनीलगतची गरम, दमट हवा वर चढते. वर गेल्यावर ती थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेमुळे हवा आणखी जोरात वर जाते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी बनेल एवढ्या बाष्पातून जितकी उष्णता सुटते, तितक्यात साधारण आठ लिटर साधं पाणी उकळेल. ढगाचं इंजिन चालतं ते या इंधनावर.

दुसरी अवस्था भर पावसाची. थेंब जड झाले की खाली पडू लागतात आणि पडताना आजूबाजूची हवा सोबत ओढतात. म्हणजे एकाच ढगात एक झोत वर जात असतो आणि दुसरा खाली येत असतो. विजा, गडगडाट आणि पावसाचा मोठा जोर याच वेळी असतो.

तिसरी अवस्था शेवटची. खाली आलेली थंड हवा ढगाच्या बुडाशी पसरते. ढगाला गरम हवेचा जो पुरवठा होत होता, तो तुटतो. इंधन संपलं की ढग विरतो.

हा सगळा खेळ साधारण अर्ध्या ते एका तासात आटोपतो. एकटा ढग स्वतःच्याच पावसाने स्वतःला संपवतो. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आपण हेच पाहतो. दुपारी काळं होतं, अर्धा तास झोडपून काढतं आणि संध्याकाळी आकाश मोकळं.

मग प्रश्न असा की एका ढगाचं आयुष्य तासाभराचं असेल, तर २६ जुलैला दुपारपासून रात्रीपर्यंत तासन् तास पाऊस कोसळला कसा?

डोक्यावरच्या हवेत पाणी मावतं किती?

आधी एक छोटा हिशोब करूया.

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर जमिनीपासून वातावरणाच्या वरच्या टोकापर्यंत हवेचा एक उभा खांब कल्पनेत घ्या. त्या खांबातलं सगळं बाष्प पिळून काढलं आणि खाली साठवलं, तर पाण्याची उंची भरेल साधारण ५० ते ७० मिलिमीटर. म्हणजे अगदी शेवटचा थेंब काढला तरी तुमच्या डोक्यावर एका वेळी सहा-सात सेंटीमीटर पाणी असतं. त्याहून फार जास्त नाही.

सांताक्रूझला पडलं ९४४ मिलिमीटर. म्हणजे डोक्यावरच्या हवेत असतं त्याच्या साधारण पंधरापट.

याचा अर्थ सरळ आहे. ते पाणी सांताक्रूझवरच्या हवेतलं नव्हतंच. ते दूरवरून, समुद्रावरून, मोठ्या परिसरातून सतत खेचून आणलं जात होतं आणि एका छोट्या जागेवर ओतलं जात होतं. हे काम एकटा ढग करू शकत नाही. तासाभरात मरणाऱ्या ढगांची अशी रांग लागते, ज्यात एक मरण्याआधी दुसरा तयार असतो, तेव्हाच ते जमतं. या व्यवस्थेलाच ढगांचा समूह म्हणायचं.

पाऊस किती भारी, हे एका ढगाच्या आकारापेक्षा या समूहाच्या रचनेवर जास्त अवलंबून असतं.

मेलेला ढग नव्या ढगाला जन्म देतो

पाऊस यायच्या काही मिनिटं आधी अचानक गार वारा सुटतो, धूळ उडते, दारं आपटतात. हा गार वारा म्हणजे जवळच कुठेतरी कोसळत असलेल्या ढगाचा श्वास.

पाऊस खाली येताना त्यातले काही थेंब वाटेतच सुकतात. घाम सुकताना जसं अंग गार पडतं, तशीच तिथली हवा गार पडते. गार हवा जड असते. ती वेगाने खाली येते आणि जमिनीला टेकून चारी दिशांना पसरते. फरशीवर बादली उपडी केल्यावर पाणी पसरतं ना, तसंच. अशा थंड हवेचं थारोळं काही किलोमीटरपासून कित्येक दहा किलोमीटरपर्यंत पसरू शकतं.

या थारोळ्याची पुढची कड महत्त्वाची. ती पाचरीसारखी समोरच्या गरम, दमट हवेच्या खाली घुसते आणि तिला वर ढकलते. वर ढकललेल्या हवेतून नवा ढग उभा राहतो. म्हणजे ज्या थंड हवेने जुन्या ढगाला मारलं, तीच थंड हवा शेजारी नवा ढग जन्माला घालते. दोन ढगांची थारोळी एकमेकांना धडकली तर तिथे आणखी जोरदार ढग तयार होतो.

सोशल मीडियावर अधूनमधून एक व्हिडिओ फिरतो. क्षितिजावरून काळ्या ढगाची लांबच लांब भिंत पुढे सरकत येते आणि लोक ओरडत मोबाईलवर शूट करतात. ती भिंत बहुतेक वेळा याच थंड हवेच्या कडेवर तयार झालेली असते. दिसायला ती कितीही भयंकर असली तरी तो काही चमत्कार नाही. मागे मोठा समूह येतोय, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा व्हिडिओ काढण्याआधी आडोसा गाठावा, कारण सोसाट्याचा वारा आणि विजा तिच्या मागोमागच असतात.

वारा ढगांना रांगेत कसा उभा करतो?

थंड हवेमुळे नवे ढग बनतात हे खरं. पण ते विस्कळीत राहणार की शिस्तीत उभे राहणार, हे वारा ठरवतो. इथे वाऱ्याच्या वेगाइतकंच महत्त्व आहे ते खालचा आणि वरचा वारा यांच्यातल्या फरकाला.

समजा जमिनीलगत आणि दहा किलोमीटर उंचीवर वारा सारखाच आहे. मग ढग सरळ उभा वाढतो आणि त्याचा पाऊस त्याच्याच बुडावर पडतो. ढग लवकर मरतो.

पण वरचा वारा वेगळ्या दिशेचा असेल तर ढग तिरका होतो. पाऊस एका बाजूला पडतो आणि गरम हवा दुसऱ्या बाजूने आत येत राहते. इंधन येण्याची वाट आणि पाऊस पडण्याची जागा वेगळी झाल्यामुळे ढग जास्त वेळ टिकतो. शिवाय थंड हवेच्या एकाच कडेवर नवे ढग उगवत राहतात आणि त्यांची रांग तयार होते. बंगालमध्ये मार्च ते मे महिन्यांत येणारी 'कालबैसाखी' हे अशा रांगेचं आपल्या देशातलं प्रसिद्ध उदाहरण. अशीच वादळी रांग पश्चिम आफ्रिकेत आणि अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशातही नेहमी दिसते.

मान्सूनमध्ये तर हा फरक आपल्या डोक्यावर कायमच असतो. खाली साधारण दीड किलोमीटर उंचीवर अरबी समुद्रावरून जोरदार पश्चिमी वारे येतात. आणि वर, १४-१५ किलोमीटर उंचीवर, नेमका उलट्या दिशेने वेगवान पूर्वी वारा वाहत असतो. म्हणून पावसाळ्यात मोठ्या ढगांचे माथे अनेकदा पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने पसरलेले दिसतात.

एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा का पडतो?

सगळ्यात धोकादायक स्थिती कोणती? ढगांची रांग ज्या दिशेने लांबलेली आहे, त्याच दिशेने प्रत्येक ढग पुढे सरकत असेल, ती.

रेल्वे स्टेशनवर उभे आहात असं समजा. एक डबा गेला, दुसरा आला, तिसरा आला. गाडी पुढे जातेय, पण तुमच्या समोरून डबे जातच आहेत. ढगांचंही तसंच होतं. एक ढग पाऊस पाडून पुढे सरकतो, तोवर मागे नवा ढग तयार होऊन त्याच जागेवर येतो. हवामानशास्त्रात यासाठी वापरला जाणारा 'ट्रेनिंग' हा शब्दही आगगाडीवरूनच आला आहे.

नवे ढग मागच्या बाजूला उगवण्याचा वेग आणि जुने ढग पुढे सरकण्याचा वेग जुळला, तर पूर्ण समूह जागेवर खिळल्यासारखा दिसतो. वारा वाहतो, ढग पळतात, पण पाऊस तिथेच पडत राहतो. गाडी ज्या रुळावरून जाते तिथले लोक बुडतात आणि रुळापासून वीस किलोमीटरवरचे लोक छत्री मिटून चालतात.

२६ जुलैच्या वेळी मोठी परिस्थितीही जुळून आली होती. बंगालच्या उपसागरावरून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र देशाच्या मधल्या भागाकडे सरकलं होतं, मान्सूनचा प्रवाह जोरात होता आणि पश्चिम किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा होता. अरबी समुद्रावरचं बाष्प किनाऱ्याकडे सतत येत होतं. पण एवढ्याने संपूर्ण कोकणात चांगला पाऊस पडला असता. त्यातला प्रचंड मोठा वाटा मुंबईच्या उपनगरांवरच्या एका छोट्या पट्ट्यात पडला, तो ढगांच्या स्थानिक रचनेमुळे.

आधी झोडपणारी सर, मग रिपरिप: हा एकाच समूहाचा पाऊस

समूह मोठा झाला की त्याची लांबी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. अशा समूहाचे दोन भाग असतात.

पुढच्या भागात तरुण, उंच ढग असतात. त्यांचे माथे १२ ते १६ किलोमीटरपर्यंत जातात. इथे पाऊस जोराचा, थेंब टपोरे आणि विजा जास्त.

मागच्या भागात म्हातारे ढग एकमेकांत मिसळून गेलेले असतात. त्यांची एक जाड, पसरट चादर तयार होते. तिच्यातून हलका पण लांबलेला पाऊस पडतो. आधी अर्धा-पाऊण तास धो धो आणि मग दोन-तीन तास रिपरिप, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. त्यात दोन वेगळे पाऊस नसतात. समूहाचा पुढचा भाग आधी डोक्यावरून जातो आणि मागचा नंतर. उष्ण कटिबंधात पडणाऱ्या एकूण पावसापैकी साधारण ४० टक्के पाऊस या मागच्या चादरीतून येतो. आणि एकूण पावसाच्या निम्म्याहून जास्त वाटा अशा मोठ्या समूहांचा असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. सह्याद्रीवरचा सगळाच पाऊस अशा उंच ढगांचा नसतो. घाटाला अडून वर चढणाऱ्या दमट हवेतून कमी उंचीचे ढगही दिवसभर पाऊस पाडतात. महाबळेश्वरचा विजेविना, गडगडाटाविना चालणारा पाऊस बऱ्याचदा या प्रकारचा असतो.

वारा नसला, डोंगर नसला, तरी ढग एकत्र येतात का?

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न संगणकाला विचारून पाहिला. कल्पनेतला एक समुद्र घेतला. त्याचं तापमान सगळीकडे अगदी सारखं. वारा नाही, बेट नाही, डोंगर नाही, पृथ्वीचं फिरणंही नाही. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे ढग कुठेही उगवले आणि विरले. पण काही आठवडे उलटले आणि सगळे ढग एका कोपऱ्यात गोळा झाले. बाकीचं आकाश कोरडं पडलं. १९९३ साली आयझॅक हेल्ड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात हे दिसलं होतं. २००५ साली ख्रिस्तोफर ब्रेथर्टन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या क्षेत्रावर तो प्रयोग करून त्यामागची कारणं तपासली.

कारण समजायला आठवडी बाजार आठवा. बाजाराच्या गावात गर्दी उसळते आणि आजूबाजूच्या गावांत त्या दिवशी सामसूम असते. ढगांच्या समूहात हवा वर जाते, तर तेवढीच हवा कुठेतरी खाली यावी लागते. ती येते आजूबाजूच्या भागात. खाली येणारी हवा गरम आणि कोरडी होते, त्यामुळे तिथे नवे ढग उगवणं अवघड जातं. कोरड्या हवेतून जमिनीलगतच्या थरांची उष्णता सहज अवकाशात निघून जाते, त्यामुळे हवा आणखी खाली बसते आणि आणखी कोरडी होते. उलट जिथे आधीच दमट आणि ढगाळ आहे, तिथे उष्णता अडकून राहते आणि नव्या ढगाला पोषक हवा तयार मिळते.

कोरड्या हवेत वाढणाऱ्या ढगाचं एक दुखणं असतं. बाजूची कोरडी हवा त्यात मिसळते आणि थेंब सुकवून टाकते. आधीच्या ढगांनी ओली करून ठेवलेल्या हवेत हा त्रास कमी. म्हणून जिथे ढग आहेत, तिथेच आणखी ढग.

खऱ्या आकाशात वारा, किनारा, डोंगर, दिवस-रात्र हे सगळं असतं. त्यामुळे संगणकातला समुद्र आणि आपला अरबी समुद्र यांत हा परिणाम किती सारखा, यावर अजून संशोधन सुरू आहे. पण मूळ धडा पक्का आहे. एका ठिकाणची अतिवृष्टी आणि शेजारची उघडीप या वेगवेगळ्या घटना नाहीत. अनेकदा एकीमुळेच दुसरी घडते.

समूहांचेही समूह असतात

एक ढग काही किलोमीटरचा आणि तासाभराचा. ढगांचा समूह शंभर-दोनशे किलोमीटरचा आणि दहा-बारा तासांचा. अनेक समूहांना एकत्र बांधणारं कमी दाबाचं क्षेत्र पाचशे ते हजार किलोमीटरचं आणि काही दिवसांचं.

याच्याही वर एक पातळी आहे. १९७१ साली रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विषुववृत्ताजवळच्या हवेत एक लय शोधली. ढगांचा हजारो किलोमीटरचा पट्टा हिंदी महासागरावर तयार होतो आणि पूर्वेकडे सरकत ३० ते ६० दिवसांत एक फेरी पुरी करतो. या दोघांच्या नावांवरून त्याला 'मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन' म्हणतात. बातम्यांमध्ये 'एमजेओ अनुकूल आहे' असं वाचता, ते हेच. हा पट्टा हिंदी महासागरावर असताना आपल्याकडे पाऊस जोर धरण्याची शक्यता वाढते.

म्हणजे एमजेओ हवा ओली करतो, कमी दाबाचं क्षेत्र समूहांना जागा देतं, समूह ढगांना जागा देतो आणि शेवटी एक ढग तुमच्या गल्लीत पाऊस पाडतो. वरच्या पातळ्यांचा अंदाज काही दिवस आधी देता येतो. खालच्या पातळीचा देता येतो तो फार तर काही तास आधी.

मग 'ढगफुटी' म्हणजे काय?

जोराचा पाऊस झाला की लगेच 'ढगफुटी' असा मेसेज फिरतो. भारतीय हवामान खात्याची व्याख्या मात्र नेमकी आहे. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडला तरच ती ढगफुटी. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडणं म्हणजे ढगफुटी नाही.

शब्दामुळे आणखी एक गैरसमज होतो. ढग पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा असतो आणि तो फुटतो, असं वाटतं. ढगात फुटण्यासारखं काही नसतं. आपण वर केलेला हिशोब आठवा. १०० मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला तर ते पाणी होतं १० कोटी लिटर. एवढं पाणी वर टांगून ठेवलेलं नसतं. ते बाजूने येत राहतं, वर जात राहतं आणि पडत राहतं.

तापमानवाढीचा याच्याशी काय संबंध?

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे समूहाला खेचून आणायला जास्त माल उपलब्ध. त्यातून जास्त उष्णता सुटते आणि ढग आणखी जोमाने वाढतात.

आपल्या भागाचा अनुभवही तेच सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाचा अभ्यास केला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं. त्याच काळात या पट्ट्यातला मान्सूनचा एकूण पाऊस मात्र कमी होत होता. थोडक्यात, पावसाचे दिवस विखुरलेले कमी आणि एकवटलेले जास्त. शेतकऱ्याला याचा फटका दोन्हीकडून बसतो. आधी उघडीप आणि मग पीक वाहून नेणारा पाऊस.

हवामान खात्याचा अंदाज 'चुकतो' तेव्हा

'तुरळक ठिकाणी मुसळधार' असा अंदाज आला आणि आपल्याकडे पाऊस पडला नाही, की आपण वेधशाळेची थट्टा करतो. पण 'तुरळक ठिकाणी' या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. त्या जिल्ह्यातल्या किंवा विभागातल्या फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर तसा पाऊस होईल, असा तो अंदाज असतो. चारपैकी तीन ठिकाणी मुसळधार पडणार नाही, हे त्यातच सांगितलेलं आहे. फक्त ते चौथं ठिकाण कुठलं, हे एक-दोन दिवस आधी सांगता येत नाही. कारण तो समूह तेव्हा जन्मालाच आलेला नसतो.

'मुसळधार'च्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्याच्या वर म्हणजे अत्यंत मुसळधार.

समूह तयार झाल्यावर मात्र रडार त्याला पकडतं. २००५ साली मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. नंतर कुलाब्याला ते बसलं आणि २०२२ साली अंधेरीजवळ वेरावलीला दुसरं सुरू झालं. या रडारची चित्रं हवामान खात्याच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. ती बघताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, एकच चित्र पाहून निष्कर्ष काढू नका. मागोमाग आलेली तीन-चार चित्रं पाहा. समूह सरकतोय की जागेवर खिळलाय, हे त्यातूनच कळतं.

दोन, लाल ठिपका एकटा असेल तर तो बहुधा तासाभरात विरेल. ठिपक्यांची रांग असेल आणि ती तुमच्याच दिशेने लांबलेली असेल, तर सावध व्हा.

तीन, नवे ठिपके कुठल्या बाजूला उगवतायत ते बघा. पाऊस पुढे सरकतोय असं वाटत असताना मागे नवे ढग तयार होत असतील, तर पाऊस थांबणार नाही.

चार, उपग्रहाच्या चित्रातला पांढरा रंग म्हणजे पाऊस नव्हे. उपग्रहाला वरून ढगाचा माथा दिसतो. तो वाऱ्याने शेकडो किलोमीटर पसरलेला असू शकतो, पण त्याखाली पाऊस एका कोपऱ्यातच पडत असतो. 'अख्खा महाराष्ट्र ढगाखाली' असं लिहून फिरणाऱ्या फोटोंबद्दल हे ध्यानात असू द्या.

विजांसाठी पुण्याच्या त्याच संस्थेचं 'दामिनी' हे मोफत ॲप आहे. तुमच्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते इशारा देतं. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये ते असलंच पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट. रेड अलर्ट असताना तुमच्याकडे ऊन पडलं असेल, तर अलर्ट खोटा ठरला असं समजू नका. २६ जुलैला कुलाब्यात बसलेल्या माणसालाही सांताक्रूझला काय चाललंय याची खिडकीतून कल्पना आली नसती. नदी-नाल्याकाठी, घाटात किंवा दरडीच्या पायथ्याशी राहत असाल, तर आपल्या खिडकीपेक्षा रडारच्या चित्रावर आणि प्रशासनाच्या सूचनेवर भरवसा ठेवा. तुमच्याकडे उघडीप असताना वरच्या खोऱ्यात ढगांची रांग लागलेली असू शकते, आणि तिथलं पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही.